थकलेल्या बिलापासून दरखास्तीपर्यंत : व्यापारी वादांच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कंपनीचा मालक वकिलाकडे येतो तेव्हा तो अन्यायापासून बोलायला सुरुवात करतो. माल दिला, समोरच्याने वापरला, आता तो फोन उचलत नाही. नव्या ज्युनिअरने हे सगळे शांतपणे ऐकावे, पण वहीत आधी तारखा उतरवाव्यात. ऑर्डर कधीची, माल कधी पोचला, बिल कधीचे, उधारी किती दिवसांची, शेवटची रक्कम कधी जमा झाली, शेवटचे पत्र कोणी कोणाला कधी पाठवले. बाजू खरी असूनही दावा पडतो तेव्हा कारण बहुधा याच तक्त्यात सापडते.

पैशाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत, हे सगळ्यांना पाठ असते. ती कुठून मोजायची, इथे चुकते. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीत अनुच्छेद १४ आणि १५ शेजारी शेजारी आहेत. उधारीचे दिवस ठरलेले नसतील तर माल पोचल्याच्या तारखेपासून मुदत सुरू होते. ६० दिवसांची उधारी ठरली असेल तर ते ६० दिवस संपल्यावर. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या वीस बिलांची मुदत वीस वेगवेगळ्या दिवशी संपू शकते. 'चालू खाते आहे, शेवटच्या नोंदीपासून धरू' असे अकाउंटंट सांगतो, पण ते दर वेळी टिकत नाही. अनुच्छेद १ मधले परस्पर खाते म्हणजे दोन्हीकडून एकमेकांची स्वतंत्र देणी निर्माण होणारे खाते. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने जमेल तसे पैसे भरायचे, हे परस्पर खाते नव्हे.

मुदत वाढते ती लेखी आणि सहीच्या कबुलीने (कलम १८), किंवा लेखी नोंद असलेल्या अंशतः भरण्याने (कलम १९). दोन्ही गोष्टी मूळ मुदत संपण्याआधी घडायला हव्यात. मुदत संपून गेल्यावर उपयोगी पडते ते करार कायद्याचे कलम २५(३), पण त्यासाठी नुसती कबुली पुरत नाही, पैसे देण्याचे सहीनिशी लेखी वचन लागते. म्हणून प्रत्येक ३१ मार्चनंतर बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे बाकी मान्य असल्याच्या पत्रावर, समोरच्याची सही आणि तारीख घ्यायला अशिलाला शिकवा. हे एक पान पुढे शंभर पानांचे काम करते. समोर कंपनी असेल तर तिचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरून काढून पाहा. ताळेबंदातली नोंद कबुली ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. मात्र तिथे धनकोंची अनेकदा एकच गोळाबेरीज असते, नाव सापडत नाही, आणि खालच्या टिपेत 'देणे विवादित' असे लिहिलेले असेल तर ती कबुली उरत नाही. टीप वाचल्याशिवाय ताळेबंद जोडू नका.

कागदांत सर्वात मोलाचा असतो डिलिव्हरी चलान, आणि सर्वात निष्काळजीपणे ठेवलेलाही तोच. गोडाऊनमधल्या कोणाची तरी वाचता न येणारी सही, ना नाव, ना शिक्का, अशी चलाने भेटतातच. मग पर्चेस ऑर्डर, ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटी नोंद), ट्रान्सपोर्टची पावती असा साखळीपुरावा जुळवावा लागतो. खरेदीदाराने त्याच बिलावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घेतले असेल तर 'माल मिळालाच नाही' हा बचाव फार लंगडा होतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. नोटिशीत याची आठवण दिली की कधी कधी समोरचा हिशेब विभाग स्वतःहून फोन करतो.

व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ईमेल चालतात, पण नुसते स्क्रीनशॉट छापून चालत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याखालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग पुरावा हजर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा अंक-अक्षरांचा ठसा, नोंदवावी लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चा मसुदा कॉपी करून लावणे ही सध्या ज्युनिअरच्या हातून होणारी ठरावीक चूक आहे. ज्या फोनवर संदेश आले तो विकू नका, रीसेट करू नका, हे अशिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

आता मार्ग निवडायचा. चेक वटला नसेल तर घाई तिथे असते. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ मधला हिशेब उदाहरणाने समजून घ्या. चेकवर तारीख १ मार्च. चेक ३ महिन्यांत बँकेत टाकायचा. तो परत आल्याचे बँकेकडून १० मार्चला कळले. तो दिवस सोडून ३० दिवस, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत नोटीस रवाना झाली पाहिजे. नोटीस ८ एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला १५ दिवस, २३ एप्रिलपर्यंत. त्याआधी दाखल केलेली तक्रार टिकत नाही. २४ एप्रिलपासून एका महिन्यात ती दाखल व्हायला हवी. हा कॅलेंडरचा महिना आहे, पण शेवटचा दिवस गाठण्यात शहाणपण नाही. उशीर झालाच तर कारण दाखवून माफ होऊ शकतो. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र ती सवलत नाही.

नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच हवी. व्याज, वकील फी, इतर बिले असे सगळे एका आकड्यात मिसळले की नोटीसच सदोष ठरते. बाकी मागायचेच असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्याने मागा. चेक दिल्यानंतर काही रक्कम मिळाली असेल तर ती चेकच्या पाठीवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरताच चेक वापरावा लागतो. पूर्ण रकमेचा चेक तसाच टाकला तर तेवढे कायदेशीर देणे त्या दिवशी नव्हतेच, हा बचाव यशस्वी होतो. चेक कंपनीचा असेल तर कंपनीला आरोपी करणे अनिवार्य. फक्त संचालकांवर केलेली तक्रार उभी राहत नाही, हे २०१२ पासून पक्के आहे. सही न केलेल्या संचालकाचे नाव घालताना तो त्या काळात दैनंदिन कारभार पाहत होता, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. राजीनामा दिलेल्या संचालकाला ओढले तर उच्च न्यायालयात वर्षे जातात, म्हणून पोर्टलवर नेमणूक आणि राजीनाम्याच्या तारखा आधी तपासा.

अशील सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल आणि उत्पादन करत असेल किंवा सेवा देत असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा हातात आहे. करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांपलीकडे उधारी चालत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. दाद याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे मागायची. निवाड्याला आव्हान द्यायचे तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि या मार्गाची खरी ताकद तिथेच आहे. उद्यम नोंदणीची, म्हणजे अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीची, तारीख पुरवठ्याच्या नंतरची असेल तर पहिला आक्षेप तोच येतो. मध्यम उद्योगांना हा मार्ग नाही.

करारात लवादाचे कलम आहे का, हे दाव्याचा मसुदा सुरू करण्याआधी बघा. 'पक्षांना वाटल्यास लवादाकडे जाता येईल' अशी मोघम भाषा म्हणजे लवादाचा करार नव्हे. कलम पक्के असेल तर न्यायालयातला दावा लवाद कायद्याच्या कलम ८ च्या अर्जावर थांबतो, आणि तोवर वर्ष गेलेले असते. लवाद सुरू होतो तो कलम २१ ची नोटीस समोरच्याला मिळाल्याच्या दिवशी, म्हणून मुदत तिथपर्यंत मोजा. 'लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील' अशी जुनी कलमे अजून सर्रास दिसतात. ज्याचे निकालात हितसंबंध आहेत त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आहे.

दिवाळखोरी संहितेची धमकी द्यायला मालकांना आवडते. इथे ज्युनिअरने अशिलाला आवरायला हवे. थकबाकी किमान १ कोटी हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागणी नोटिशीच्या आधीपासून खरा वाद असेल, मालाच्या दर्जाबद्दल एखादा ईमेल गेलेला असेल, तर अर्ज फेटाळला जातो. हा वसुलीचा मार्गच नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. समोरची कंपनी आधीच दिवाळखोरी प्रक्रियेत असेल तर कलम १४ ची स्थगिती लागते, दावे जागच्या जागी थांबतात, आणि आपला क्लेम ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे मुदतीत नोंदवावा लागतो. म्हणून नोटीस काढण्याआधी कंपनीची सद्यस्थिती पाहा.

भागधारकांमधली भांडणे हा वेगळा प्रांत आहे. तिथे कंपनी कायदा २०१३ चे कलम २४१, एक दशांश भांडवलाची अट आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण (एनसीएलटी) आहे. तो पहिल्या वर्षात हाती घेऊ नये.

राहिला व्यापारी दावा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाख रुपये आणि त्यावरचे व्यापारी वाद २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याखाली जातात. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर कलम १२अ ची दाखलपूर्व मध्यस्थी सक्तीची आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आणि ती वगळून आलेला दावा सुरुवातीलाच फेटाळला जातो. मध्यस्थी टाळण्यासाठी मनाई हुकमाची खोटी मागणी जोडू नका, न्यायाधीश ती चटकन ओळखतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. समोरचा आला नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात. तडजोड झालीच तर तिला लवादाच्या निवाड्याची ताकद असते, त्यामुळे हा टप्पा उरकून टाकण्याचा समजू नका.

दाव्यासोबत ताब्यातली सगळी कागदपत्रे, अडचणीची सुद्धा, पहिल्याच दिवशी जोडायची असतात. नंतर आणलेल्या कागदाला न्यायालयाची परवानगी आणि पटणारे कारण लागते. सत्यतेचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्या आणि त्यावर कंपनीतर्फे कोण सही करणार याचा संचालक मंडळाचा ठराव आधी करून घ्या. वादी भागीदारी संस्था असेल तर तिची नोंदणी तपासा. नोंदणी नसताना करारावरचा दावा १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे पडतो आणि दाव्यानंतर नोंदणी करूनही तो सावरत नाही. प्रतिवादी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालकांची नावे दबावासाठी घालू नका. वैयक्तिक हमीपत्र नसेल तर कंपनीचे कर्ज त्यांचे होत नाही. प्रतिवादीकडून काम करत असाल तर समन्स मिळाल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला, ३० दिवस, न्यायालयाने मान्य केल्यास एकूण १२०, आणि १२१ व्या दिवशी हक्क कायमचा संपतो.

निकालपूर्व जप्ती मिळणे अवघड असते. समोरच्याने पैसे थकवले एवढे पुरत नाही. हुकूमनामा निष्फळ व्हावा म्हणून तो मालमत्ता विकतो आहे किंवा हलवतो आहे, हे दाखवावे लागते.

हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, १२ वर्षांपर्यंत देता येते, पण मालमत्तेची माहिती गोळा करायला निकालाची वाट पाहू नका. व्यवहार सुरळीत होता तेव्हाच्या चेकवर समोरच्याच्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांक असतो. बिलावर गोडाऊनचा पत्ता असतो. पोर्टलवर कोणत्या बँकेचा कोणत्या मालमत्तेवर बोजा आहे ते दिसते. ही माहिती पहिल्या दिवसापासून फाइलच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. दरखास्तीत खाते क्रमांक देता आला तर बँकेला जप्तीचा आदेश लगेच बजावता येतो. नाहीतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४१ खाली ऋणकोकडून मालमत्तेचे शपथपत्र मागवावे लागते, आणि तेवढ्या वेळात खाते रिकामे होते.