टीपुट वापरताना या चुका टाळा

मिरग लागला की फोंड्यात वीज किती वेळा येते-जाते याचा हिशेब कुणी ठेवत नाही. अशाच एका रात्री आमच्या वाचनालयाच्या जुन्या सर्व्हरची डिस्क गेली. मी निवांत होतो, कारण रोज रात्री २ वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, बॅकअप घेतो. सकाळी पाहिलं तर शेवटचा बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा. ११ दिवसांपूर्वी मी काय केलं होतं? स्क्रिप्टच्या संदेशांना रंग लावले होते. ‘झालं’ हिरवं, ‘चुकलं’ तांबडं.

स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट उणे ई’ होतं, म्हणजे कुठलीही आज्ञा फसली की तिथेच थांब. त्याखाली ‘टीपुट सेट-ए-एफ १’चा निकाल एका व्हेरिएबलमध्ये भरायची ओळ. टीपुट म्हणजे रंग, कर्सर वगैरेसाठी टर्मिनलला लागणारे संकेत काढून देणारी आज्ञा, आणि सेट-ए-एफ १ म्हणजे अक्षरं तांबडी. हाताने चालवली तेव्हा सगळं छान. क्रॉनला मात्र टर्मिनलच नसतं, त्यामुळे टर्म हे टर्मिनलचं नाव ठेवणारं व्हेरिएबलही रिकामं. टीपुटने ‘टर्मची किंमत नाही, कॅपिटल टी पर्यायही नाही’ अशी तक्रार केली, अपयशाचा कोड परत दिला आणि स्क्रिप्ट रंगाच्या ओळीवरच आडवी झाली. तक्रारीचा मेल क्रॉन इमानेइतबारे पाठवत होता, वाचत कुणी नव्हतं.

यात एक गंमत आहे, तिने माझा अर्धा दिवस खाल्ला. स्क्रिप्टमधूनच टर्मची किंमत छापून पाहिली तर ‘डम्ब’ असं उत्तर आलं. म्हणजे किंमत आहे की! मग टीपुट नाही का म्हणतं? कारण टर्म रिकामं दिसलं तर स्क्रिप्ट चालवणारं बॅश स्वतःपुरतं त्यात ‘डम्ब’ भरून ठेवतं, पण एक्स्पोर्ट करत नाही. बॅशला दिसतं ते टीपुटपर्यंत पोचत नाही. आणि एक्स्पोर्ट करूनही भागत नाही, कारण डम्ब टर्मिनलला रंग नाहीत, त्यामुळे सेट-ए-एफ तिथेही अपयशाचाच कोड देतं.

उपाय सोपा आहे. रंग भरण्याआधी ‘टेस्ट उणे टी १’ने आउटपुट खरंच टर्मिनलवर जातंय का ते पाहा. मग ‘टीपुट कलर्स’ ८ किंवा जास्त सांगतं का ते पाहा. दोन्ही जमलं तर रंग, नाहीतर व्हेरिएबल रिकामी. पहिल्या तपासणीचा आणखी एक फायदा म्हणजे आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी लॉगमध्ये एस्केप संकेतांचा कचरा पडत नाही. आउटपुट कुठे चाललंय याची टीपुटला फिकीर नसते, मागाल ते संकेत ते ओतून देतं.

आता मुळाकडे येऊ, कारण बहुतेक चुका एकाच गैरसमजातून येतात. आपल्याला वाटतं टीपुट टर्मिनलला विचारतं, ‘बाबा, तुला रंग येतात का?’ तसं ते विचारत नाही. ते टर्म या व्हेरिएबलमधलं नाव वाचतं आणि टर्मइन्फो नावाच्या वहीत त्या नावाचं पान उघडतं. बसची पाटी वाचून चढण्यासारखंच हे. पाटीवर पणजी लिहिलंय आणि बस निघालीय वास्कोला, तर कंडक्टरशी भांडून काय उपयोग? ही वही जन्मली तेव्हा प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची बोली वेगळी होती. बिल जॉय यांनी बर्कलीत व्हीआय संपादकासाठी टर्मकॅप केलं, पुढे मार्क हॉर्टन यांनी टर्मइन्फो आणलं.

पाटी बदलून पाहायची असेल तर ‘टीपुट उणे टी व्हीटी१०० कलर्स’ द्या. यातला टी कॅपिटल. उत्तर येईल उणे १, म्हणजे त्या पानावर रंगांची नोंदच नाही. तुमचा पडदा समोर रंगीबेरंगी असला तरी.

म्हणून बॅशआरसी या बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये टर्मची किंमत हाताने कोंबू नका. इंटरनेटवर दर दुसरा सल्ला ‘एक्सटर्म-२५६कलर टाका, रंग येतील’ असा असतो. रंग येतातही. मग टीमक्सच्या (एका खिडकीत अनेक टर्मिनलं देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत गेल्यावर काही कळा भलतंच करतात, कारण तिथलं टर्मिनल टीमक्स आहे आणि पाटी एक्सटर्मची. हे नाव टर्मिनल प्रोग्रॅमने ठरवायचं असतं. बदलायचंच असेल तर त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बदला. पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये तर ते नाव लिहायची चौकटच आहे, तिथे मुळात नुसतं ‘एक्सटर्म’ असतं.

उलटी अडचणही येते. पर्वरीहून भाच्याचा फोन आला.

“मामा, तुमच्या सर्व्हरवर टॉप ही आज्ञा चालत नाही. टर्मिनल ओळखतच नाही म्हणतो.”

“कुठलं टर्मिनल घातलंयस नवीन?”

“किटी.”

एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर शिरायचा प्रोग्रॅम, टर्मचं नाव पलीकडे नेतं, वहीचं पान नेत नाही. सर्व्हर जुना, त्याच्या वहीत किटी कुठून असणार? आपल्या यंत्रावर ‘इन्फोसीएमपी’ने पान छापायचं, पाइपमधून एसएसएचने पलीकडे ढकलायचं आणि तिथे ‘टिक उणे एक्स’ने भरून घ्यायचं. अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत, पान आपल्या होम डिरेक्टरीतल्या टर्मइन्फो फोल्डरमध्ये बसतं. सर्व्हर डेबियनचा असेल तर ‘एनकर्सेस-टर्म’ पॅकेज टाकूनही बरीच पानं मिळतात. तोवर त्या एका आज्ञेपुरतं टर्मला एक्सटर्म म्हटलं तरी निभावतं.

पडद्याचा आकार हा अपवाद. ‘टीपुट कॉल्स’ आणि ‘टीपुट लाइन्स’ शक्य तेव्हा कर्नलकडून खरा आकार घेतात, तो मिळाला नाही तर वहीतला, म्हणजे बहुधा ८० आणि २४. खिडकी केवढीही करा, उत्तर ८०च येतंय? मग त्या ओळीत एरर आउटपुट शून्य डिव्हाइसमध्ये, म्हणजे कचऱ्यात, वळवलंय का ते बघा. डॉलर-कंसात, म्हणजे आज्ञेचा निकाल व्हेरिएबलमध्ये भरताना, स्टँडर्ड आउटपुट आधीच पाइप झालेलं असतं. वर एररही वळवलं की जुन्या आवृत्त्यांना टर्मिनल सापडतच नाही. आणि आकार सुरुवातीला एकदाच विचारून ठेवू नका. खिडकी बदलली की ‘विंच’ सिग्नल येतो, तो ‘ट्रॅप’ने पकडून पुन्हा विचारा.

आता आपल्या लिपीचं दुखणं, जे इंग्रजी ट्यूटोरियलवाल्यांना कधी होत नाही. गावनिहाय पावसाचा तक्ता करायला गेलो. बॅशच्या प्रिंटएफ या छापायच्या आज्ञेला सांगितलं, नावाला २० जागा दे. पणजीपुढे ८ मोकळ्या जागा आल्या आणि म्हापशाला आकडा चिकटूनच बसला. कारण प्रिंटएफ बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘पणजी’त ४ चिन्हं, १२ बाइट. ‘म्हापसा’त हलन्त आणि काने धरून ७ चिन्हं, २१ बाइट, म्हणजे २०चा कोटा संपलेलाच. बाइटऐवजी चिन्हं मोजूनही सुटत नाही, कारण वेलांटी किंवा जोडाक्षर किती घरं व्यापतं यावर टर्मिनलांचंच एकमत नाही.

मी मोजणं सोडून दिलं. नाव छापायचं, मग ‘टीपुट एच-पी-ए २०’ने कर्सर थेट त्या स्तंभावर न्यायचा, मग आकडा. नाव केवढंही असो, आकडे एका रेषेत. एखाद्या पानावर एच-पी-ए नसतं, व्हीटी१००च्या तर नाहीच. तिथे कॅरेज रिटर्न छापून ‘सी-यू-एफ २०’ने उजवीकडे सरका. फाइलमध्ये लिहिताना यातलं काही कामाचं नाही, तिथे सरळ स्वल्पविराम घाला.

किरकोळ चुका भराभर सांगतो. कर्सर हलवणाऱ्या ‘सी-यू-पी’ला आधी ओळ, मग स्तंभ, आणि मोजणी शून्यापासून. ‘सेट-एफ’ आणि ‘सेट-ए-एफ’ एक नव्हेत. सेट-ए-एफमध्ये १ तांबडा आणि ४ निळा, जुन्या सेट-एफमध्ये नेमकं उलट. लूपमध्ये दर फेरीला टीपुट बोलावू नका, प्रत्येक वेळी नवी प्रोसेस उभी राहते. संकेत एकदा व्हेरिएबलमध्ये भरून ठेवा. प्रॉम्प्टमध्ये रंग घालताना ते संकेत उलट्या तिरप्या रेघेच्या चौकोनी कंसांत बसवा, नाहीतर बॅश त्यांनाही अक्षरं समजून मोजतं आणि लांब आज्ञा प्रॉम्प्टवरच चढते.

‘सिव्हिस’ने कर्सर लपवला असेल तर एक्झिट ट्रॅपमध्ये ‘सी-नॉर्म’ (कर्सर परत) आणि ‘एस-जी-आर-शून्य’ (रंग साफ) हवंच, कंट्रोल-सी कोण कधी दाबेल सांगता येत नाही. ‘किल उणे ९’पुढे ट्रॅपही चालत नाही. मग कर्सर गायब, टाइप केलेलं दिसत नाही, एंटर दाबून काही होत नाही. अशा वेळी खिडकी बंद करायची घाई नको. कंट्रोल-जे दाबा, ‘रिसेट’ टाइप करा, परत कंट्रोल-जे. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटणार नाही, तरी हात थांबवू नका.