चोचीच्या चित्रापाशी थांबा

लहान मुलांना पक्ष्यांचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवताना पान संपवायची घाई करू नका. माहितीचं पुस्तक गोष्टीसारखं सलग वाचावं लागत नाही; मूल ज्या चित्रावर बोट ठेवेल तिथूनच सुरुवात करा. 'चमचा' पक्ष्याचं पान आलं की मजकुराआधी विचारा, "याची चोच अशी चपटी कशाला असेल रे?" उत्तर काहीही येऊ दे, लगेच चूक काढू नका. मग वाचा: हा पक्षी उथळ पाण्यात अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवतो आणि भक्ष्य लागताच ती मिटतो. आता मुलाला हाताची चोच करून बादलीत फिरवू द्या. खरी समज इथेच येते. लागोपाठ बगळ्याचं पान काढा; टोकदार चोचीचा उपयोग मुलं स्वतःच सांगतात.

नाशिककरांची तर चैनच आहे. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा. हिवाळ्यात सकाळी लवकर जा, पुस्तक सोबत न्या. दुर्बीण मात्र आधी देऊ नका. चिमुकल्यांना तिच्यातून पक्षी सापडत नाही आणि ती वैतागतात. नुसत्या डोळ्यांनी शोधू द्या.