रेडिओवर वीज ऐकायची आहे? मग या चुका टाळा

वीज चमकते तेव्हा तिच्यातून रेडिओलहरीही निघतात, आणि रिसीव्हरवर त्या कडकडाटासारख्या ऐकू येतात. वळवाचे ढग सह्याद्रीवर जमायला लागले की माझ्या फोनवर अशा आवाजाच्या फायली यायला लागतात. "काका, वीज पकडली!" मी कान देऊन ऐकतो. बहुतेक वेळा पकडलेला असतो तो मोबाईलचा चार्जर.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे भलत्या फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडणं. हल्ली यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, सहज मिळतो. तो आला की पोरं थेट गिगाहर्ट्झवर, म्हणजे मायक्रोवेव्हच्या पट्ट्यात, जाऊन बसतात आणि विजेची वाट बघतात. का, तर मायक्रोवेव्ह म्हटलं की भारी वाटतं! जमिनीवर पडणारी वीज म्हणजे काही किलोमीटर लांबीची तार समजा. त्या तारेतून साधारण ३० हजार अँपिअरचा लोंढा डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातो. एवढी लांब तार बोलते ती खर्जातच. तिचा सगळ्यात मोठा आवाज ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि वर जाल तसा तो पडत जातो. साठेक मेगाहर्ट्झला ढगात वाट शोधणाऱ्या आखूड ठिणग्यांचा चुरचुराट मिळतो. न्यू मेक्सिकोतल्या संशोधकांनी ६० ते ६६ मेगाहर्ट्झवर अनेक ठिकाणी रिसीव्हर लावून ढगातल्या विजेचे नकाशे काढले ते याच चुरचुराटावरून. त्याच्याही वर, मायक्रोवेव्हमध्ये, वीज बोलते हे खरं, पण अगदी पुटपुटते, तेही क्षणाच्या बारीकशा तुकड्यात. जवळचं वादळ, रुंद बँडचा रिसीव्हर आणि चांगलं उपकरण असेल तर ते टिपता येतं. तुमच्या डोंगलमधून दिसतात त्या रेघा बहुधा मोबाईल टॉवरच्या.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड म्हणजे "वीज चमकली की डिश टीव्हीचं चित्र जातं, म्हणजे विजेचे मायक्रोवेव्ह!" नाही हो. ११-१२ गिगाहर्ट्झचा सिग्नल पावसाचे थेंब गिळतात. वीज बिचारी उगाच बदनाम.

मी नवख्याला आधी घरातला जुना ट्रान्झिस्टर काढायला लावतो. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा शोधायची आणि आठवडाभर नुसतं ऐकायचं. एफएमवर कडकडाट शोधू नका. तिथे विजेचा जोर मुळात कमी, आणि एफएमचा रिसीव्हर आवाजातले असे चढउतार छाटूनच टाकतो. आठवडा म्हटलं की निम्मी मंडळी गळतात. गळू देत.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शहरात ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची गुणगुण आणि एलईडी बल्बांची किरकिर यांनी वैतागून मी एका मे महिन्यात पाटणकडे मित्राच्या शेतावर गेलो. लॅपटॉप बॅटरीवर, लूप अँटेना (तारेचं वेटोळं) आंब्याला टांगलेला, आजूबाजूला एक दिवा नाही. हेडफोन लावला आणि काय सांगू, टक्... टक्... टक्! इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. वहीत लिहिलं, "दूरचं वादळ, बहुधा मराठवाड्यावर." रात्रभर डास मारत रेकॉर्डिंग केलं. पहाटे मित्राचे वडील, आबा, चहा घेऊन आले. मी मोठ्या कौतुकाने हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं आणि हसायलाच लागले. "आरं, ही तर आपली झटका मशीन हाय. भुईमुगात डुकरं येत्यात म्हनून कुंपनाला लावलीया."

मिनिटाला पन्नासेक ठोके, एकाचंही अंतर चुकलेलं नाही, आणि मला शंकासुद्धा आली नाही! वीज घड्याळ लावून पडत नाही. एका लखलखाटात बहुधा तीन-चार झटके असतात, चाळीस-पन्नास मिलिसेकंदांच्या अंतराने, म्हणून तिचा आवाज कर्रर्र असा तुटक येतो. मग शांतता, किती वेळ ते सांगता येत नाही. आता मी कुठेही गेलो की आधी सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवतो, आणि त्याही आधी कुंपणाची चौकशी करतो. घरी असेन तर मेन स्विचच बंद करतो. घरच्यांची त्यावर काय प्रतिक्रिया असते ते इथे लिहीत नाही.

बाकीच्या चुका फुटकळ, पण रोजच्या. रेकॉर्डिंग व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, त्यात वरचे सूर कापले जातात. न दाबलेली वेव्ह (.wav) फाईल ठेवा. १८.२ किलोहर्ट्झवर ठळक रेघ दिसली तर नाचू नका, ते तमिळनाडूतलं नौदलाचं प्रक्षेपण केंद्र, आयएनएस कट्टबोम्मन, पाणबुड्यांशी बोलतंय. दुपारी बसून "ट्वीक का मिळत नाही" असं विचारू नका. जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामधून आदळत-आपटत आलेला तो टिंव्‌सारखा आवाज रात्रीचा. त्याची शेपटी १.७ किलोहर्ट्झच्या जवळ येऊन थांबते. आणि पहिल्याच रात्री व्हिसलर (विजेचा शिट्टीसारखा उतरत जाणारा सूर) मिळाली म्हणणाऱ्यांनी आधी रिसीव्हर तपासावा. आपल्या अक्षांशावर ती दुर्मिळ. भारतातली जुनी रेकॉर्डिंग गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथली आहेत.

मोठा आवाज म्हणजे जवळची वीज, हेही डोक्यातून काढा. या लहरी हजारो किलोमीटर जातात. एका लूपवरून फार तर दिशेची रेघ कळते, वीज रेघेच्या कुठल्या टोकाला ते नाही. वादळ नक्की कुठे आहे हे हवं असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप बघा. त्यामागे सेन्सरांचं अख्खं जाळं आहे, तुमच्या गच्चीवर एकच तार आहे.

त्या तारेबद्दल मात्र मी चेष्टा करत नाही. "जवळून चांगला सिग्नल मिळेल" म्हणून वादळात गच्चीवर अँटेना धरून उभं राहणारे मी पाहिलेत. दूरचं वादळ घरात बसून उत्तम ऐकू येतं, मग डोक्यावरच्याशी खेळ कशाला? पहिला गडगडाट कानावर आला की मी अँटेनाची पिन उपसून वायर खिडकीबाहेर टाकतो, खिडकी लावतो आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसतो.