जोजोबा लावताना या चुका टाळा

दिवाळी सरली की पुण्याची हवा कोरडी पडते, गाल आणि पोटऱ्या फुटायला लागतात आणि घरात जोजोबाची बाटली येते. मग ते खोबरेलासारखं वापरलं जातं. बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे, कारण जोजोबा हे खरं तर तेल नाही, पातळ मेण आहे. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरा वाळवंटातल्या एका झुडपाच्या बियांतून ते काढतात. आपली त्वचा जो तेलकट स्राव सोडते, त्यातही अशा प्रकारचं मेण असतं. म्हणून बहुतेकांना ते मानवतं.

'रोज लावते, तरी त्वचा कोरडीच', ही तक्रार सर्वांत जास्त. मेण त्वचेला पाणी देत नाही, आहे ते पाणी उडू देत नाही. म्हणून अंघोळ झाली की अंग नुसतं टिपा आणि ओल असतानाच लावा. चेहऱ्याला तीन-चार थेंब पुष्कळ झाले. भर दुपारी कोरड्या कातडीवर कितीही चोळलं तरी फारसा फरक पडत नाही. आणि अंघोळीचं पाणी कढत असेल, तर आधी ते कोमट करा.

जानेवारीत पाषाण-शिवाजीनगरकडे पारा 10 अंशांखाली उतरला की बाटली गढूळ होते, कधी गोठते. ती फेकू नका. जोजोबा साधारण 7 ते 10 अंशांना गोठतोच. कोमट पाण्यात बाटली धरली की पूर्ववत होतो. उलट फ्रिजमध्ये रात्रभर ठेवूनही पातळच राहिला, तर भेसळीची शंका घ्या. 'जोजोबायुक्त' केशतेलात तर मुख्य घटक बहुधा दुसराच असतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव कोणतं आहे ते वाचा.

औषध म्हणून वापरताना होणाऱ्या चुका जास्त महागात पडतात. जांघेतल्या नायट्यावर जोजोबा चोळत बसू नका. तो बुरशीचा संसर्ग आहे, त्याला त्वचारोगतज्ज्ञांचं औषधच लागतं. टी ट्री तेल (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं तीव्र तेल) थेट कातडीला लावलं तर आग होऊ शकते, ते जोजोबात थेंबभरच मिसळा. जोजोबा पिऊ तर मुळीच नका, ते पचत नाही आणि पोट बिघडतं. उन्हापासूनही ते वाचवत नाही, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.

पहिल्यांदा वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस थांबा. तिथे खाज किंवा लाली आली, तर चेहऱ्याला लावू नका.