घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला कन्नड: या चुका टाळा

बंगळुरूतल्या मराठी घरात दोन-अडीच वर्षांचं मूल कमी बोलतंय असं वाटलं, की पहिली कुऱ्हाड मराठीवर पडते. "घरीही इंग्रजीच बोला, गोंधळ होतोय त्याचा." सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे भाषेचा विकार होत नाही. उलट आई-बाबा कामापुरत्या इंग्रजीवर आले, की घरात सूचना उरतात आणि गप्पा आटतात.

शब्द मोजतानाही फसगत होते. दोन वर्षांच्या मुलाकडून साधारण 50 शब्दांची अपेक्षा असते, ती सगळ्या भाषा मिळून. मराठीत 25, इंग्रजीत 18, कन्नडात 10 असतील तर झाले 53. 'पाणी' आणि त्याचाच कन्नड शब्द 'नीरु' वेगवेगळे धरायचे.

मुलाने भाषांची सरमिसळ केली तर बिघडत नाही; जो शब्द आधी सापडतो तो ते वापरतं. मोठ्यांचं बोलणं मात्र तपासा. 'मिल्क फिनिश कर', 'हँड वॉश कर', 'शूज रिमूव्ह कर'. यात मराठी उरते ती फक्त 'कर'पुरती. संपव, धू, काढ, चाव, गिळ ही क्रियापदं कानावर पडलीच नाहीत, तर चौथ्या वर्षी मराठी वाक्य येणार कुठून?

मूल इंग्रजीत उत्तर देत असेल तर "मराठीत बोल" म्हणून दामटू नका. ते "आय वॉन्ट वॉटर" म्हणालं, की विचारा, "पाणी हवंय? माठातलं देऊ की फ्रिजमधलं?" शब्द आयते मिळतात, आणि पुढचं उत्तर बऱ्याचदा मराठीत येतं.

मराठी कार्टून लावून काम भागत नाही. भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाच्या 2003 मधल्या अमेरिकेतल्या प्रयोगात नऊ महिन्यांची बाळं समोरच्या माणसाकडून मँडरिन या चिनी भाषेचे ध्वनी शिकली, व्हिडिओवरून नाही. आजीचा व्हिडिओ कॉल वेगळा. आजी उत्तर देते.

नव्या शाळेत काही आठवडे गप्प राहणं चालतं, घरी बोलत असेल तर.

दीड वर्षापर्यंत कुठल्याच भाषेत शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही किंवा येणारे शब्द गेले, तर वाट पाहू नका. आधी कान तपासा. लहान मुलांची बेरा (BERA) ही ऐकण्याची चाचणी झोपेत करतात, म्हणून दुपारच्या झोपेची वेळ मागा. स्पीच थेरपिस्टकडे जाताना सगळ्या भाषांतल्या शब्दांची यादी न्या. नुसत्या इंग्रजीत तपासलं तर मूल उगाच मागे दिसतं.