रामटेकच्या गडावर गाडीनं नाही, अंबाळ्यावरून चढा

रामटेकच्या गडावर वरपर्यंत गाडी जाते, अंबाळा तलावापासून पायऱ्याही आहेत, आणि आमच्या घरातल्या दरवर्षीच्या भांडणाचं मूळ तेच. आमचे हे म्हणतात, आई थकतील, गाडीनंच जाऊ. सासूबाईंचं वय ७१. त्या म्हणतात, "लग्न झाल्यापासून अंबाळ्यावरूनच चढून राहिली मी. तुले बसायचं तर बस गाडीत."

त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत पोट्टे घेऊन जाऊ नका, गर्दीत चढण्यापेक्षा ढकलले जाण्यातच दिवस जातो. जत्रा उलटली, अंबिया बहाराची संत्री बाजारात आली की निघायचं. नागपुरातल्या महालातून सकाळी सहाला निघालं तर कामठी, कन्हान, मनसर, तिथून उजवीकडे वळून रामटेक. पन्नासेक किलोमीटर. तर्रीपोहे परतताना खा. भरल्या पोटी तर्री घेऊन चढणाऱ्याची काय गत होते ते मला माहीत आहे, सांगत नाही.

गाडी अंबाळा तलावाजवळ लावायची. घाटावर लोक अस्थिविसर्जनाला आलेले असतात, तेव्हा पोरांना तिथं आरडाओरडा करू द्यायचा नाही, सरळ पायऱ्यांकडे न्यायचं. पायऱ्या जुन्या, दगडी, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. कडेकडेनं पाय टाकावा. आणि सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात पुढे. आमच्याकडे सासूबाई पुढे, त्या थांबल्या की सगळे थांबतात. आधी आम्ही त्यांना मागे ठेवायचो. त्या धापा टाकत पोचेपर्यंत आमचा दम खाऊन झालेला असायचा, आणि त्या आल्या की लगेच "चला". त्यांना बसायला मिळायचंच नाही.

पोरं पायऱ्या सोडून बाजूच्या खडकांवर जाणारच. जाऊ द्या, पण पुरुषभर उंचीच्या वर नाही. दगडावर भार टाकण्याआधी टाच आपटायची. ठक्क असा भरीव आवाज आला तर चढा, खडखडला तर दुसरा दगड बघा. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तिन्ही टेकलेले. उतरताना तोंड खडकाकडे, जसं शिडीवरून उतरतो तसं. पोरं उलटं करतात, बसून घसरत येतात, आणि मुरूम पँटीचं मागचं सगळं खाऊन टाकतो. मोठं माणूस खाली उभं असावं, पण थोडं बाजूला. वरून सुटलेला दगड सरळ खाली येतो. चप्पल नको, बूट घाला. मोजे मात्र घरी येऊन कुसळं काढायच्या तयारीनंच घाला.

आता वानरं. हातात पिशवी दिसली की ती खाऊचीच, असं त्यांचं ठाम मत आहे. तीन वर्षांपूर्वी मी भाचीच्या हातात चिवड्याची पिशवी दिली, चूक माझीच. पोरगी सोडेना, वानर सोडेना. शेवटी पिशवी फाटली आणि चिवडा सहा पायऱ्यांवर सांडला. ओढाओढी करायचीच नाही, सोडून द्यायचं. खायचं सगळं चेनच्या बॅगेत, पाठीवर. संत्री खाली येऊन सोलायची.

वर आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, मग रामाचं. गडावरच नरसिंहाची बसलेली प्रचंड मूर्ती आहे, त्या देवळात पाचव्या शतकातला वाकाटक राजांच्या काळचा शिलालेख आहे. मी दरवर्षी सांगते, पोरं दरवर्षी ऐकत नाहीत. त्यांना वराहाची घाई असते. त्या दगडी वराहाच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं. पापी माणूस अडकतो म्हणतात. पोरं सुळकन निघतात.

मागच्या वर्षी आमचे हे अडकले. भाची टाळ्या पिटत होती, मागे रांग लागली होती. सासूबाई वाकून म्हणाल्या, "पाठीवरची बॅग काढ आधी. पापाचं मंग पाहू."