प्लांट आयटीला लागायचंय? आधी शॉप फ्लोअर बघा

डिप्लोमा किंवा बीसीएस झालंय आणि चाकण, रांजणगाव, वाळूज असल्या पट्ट्यात प्लांट आयटीला, म्हणजे कारखान्यातल्या कॉम्प्युटर-नेटवर्कच्या कामाला लागायचंय, तर एक गोष्ट आधीच सांगतो. ऑफिसात पीसी हँग झाला की आपण सरळ रिस्टार्ट मारतो, शॉप फ्लोअरवर, म्हणजे जिथे उत्पादन चालतं तिथे, लाईनवरच्या पीसीला मात्र सुपरवायझरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण त्याच्यामागे पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), स्कॅनर, सगळी वरात असते आणि लाईन थांबली की पहिला फोन तुम्हालाच.

मी नवीन असताना एका लेबल प्रिंटरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा होता, पिंग मारलं, म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का बघितलं, रिप्लाय नाही, म्हटलं मोकळा आहे, टाकला. तो निघाला एका मशीनच्या एचएमआयचा (ऑपरेटरच्या स्क्रीनचा), ते मशीन तेव्हा मेंटेनन्सला बंद होतं एवढंच! सेकंड शिफ्टला मशीन चालू झालं आणि प्रिंटर मधेच छापतोय मधेच गप्प, तिकडे स्क्रीनवर कम्युनिकेशन एरर, दोन तास डोकं खाजवत बसलो. तेव्हापासून आयपीची एक्सेल शीट बघितल्याशिवाय काही देत नाही, आणि शीट नसेल तर पहिलं काम ती बनवायचं.

कोर्स नंतर करा, सीसीएनए (नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) वगैरे चांगलंच आहे, पण आधी क्रिम्पिंग (नेटवर्क केबलला कनेक्टर बसवणं) हातात बसू द्या, वायरींचा क्रम: व्हाईट ऑरेंज, ऑरेंज, व्हाईट ग्रीन, ब्लू, व्हाईट ब्लू, ग्रीन, व्हाईट ब्राऊन, ब्राऊन. कॉपर केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नका, आणि मोटरच्या ड्राईव्हच्या पॉवर केबलला चिकटून तर अजिबात नको, नॉईज येतो. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला की समजा डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून) काही मिळालेलं नाही. बॅगेत यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर ठेवा, जुने वजनकाटे अजून सिरीयल पोर्टवरच बोलतात.

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला संपला तरी मशीनवर ते दिसेलच. उत्साहात अपग्रेड करू नका, मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेलच असं नाही. हार्डडिस्कची इमेज (जशीच्या तशी पूर्ण कॉपी) घेऊन ठेवा, पेनड्राईव्ह बंद करा, नेटवर्क ऑफिसपासून वेगळं करून घ्या.

सुरुवातीला बहुतेक कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवरच घेतात, शिफ्टही असते, ते धरूनच चला.

आणि केबल काढायच्या आधी फोटो काढा. बऱ्याच प्लांटमध्ये गेटवरच मोबाईलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात, मग टेपवर पोर्ट नंबर लिहून चिकटवायचा.